दारातला प्रश्न

घिवलीच्या किनाऱ्याजवळ वीजघराचं काम जोरात चाललं होतं, त्या वर्षांची ही गोष्ट. बोईसर स्टेशनापासून समुद्रापर्यंत दिवसभर ट्रकांचा धुरळा उडायचा, आणि वाळत घातलेल्या बोंबलांवर तो बसला म्हणून बायका शिव्या घालायच्या. कामावरच्या अमेरिकन साहेबांसाठी नवी वसाहत बांधली होती. साहेब बायकापोरांसकट राहायला आले तेव्हा पहिले काही दिवस गाव त्यांच्याकडे टकमक बघत होतं. मग सवय झाली.

त्या वसाहतीत वत्सला आया होती. लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच नवरा तापानं गेला. सासू काशीबाई आणि ती, दोघीच घरात. काशीबाई पाटी घेऊन मनोरच्या बाजारापर्यंत सुकी मासळी विकायची, आणि वत्सला एका साहेबांची तीन पोरं सांभाळायची. त्यातली मोठी दोघं तिच्यापाशी मराठीच बोलत. त्यामुळे मेमसाहेबांना पोरांचं कळत नसे आणि वत्सलेला मेमसाहेबांचं, पण पोरं मधे पडून निभावून नेत.

वत्सलेला जायचं होतं. कुठं असं नाही, नुसतं जायचं होतं. घिवलीत बाईनं होडीला पाय लावायचा नाही असा रिवाज. तिचा भाऊ, चुलत दीर, अगदी काल मिसरूड फुटलेली पोरंसुद्धा गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन यायची आणि ओट्यावर बसून तिकडच्या बंदरांच्या गप्पा ठोकायची. वत्सला ऐकायची आणि आतल्या आत चरफडायची. समुद्राच्या काठी जन्म गेला, पण गुडघाभर पाण्यापलीकडचा समुद्र तिनं पाहिला नव्हता.

अशात मेमसाहेबांनी एक दिवस तिला विचारलं. त्या पोरांना घेऊन सहा महिन्यांसाठी माहेरी चालल्या होत्या, विमानानं. साहेब कामामुळे इथंच राहणार. वाटेत लंडनला विमान बदलायचं आणि कडेवर तान्हं पोर, तर बरोबर वत्सला येईल का? मधल्या पोरानं हे सगळं मराठीत सांगितलं, "तू विमानात बसनार, आमच्याबरोबर." वत्सला मान हलवून बसली तेव्हा तिच्या हातातला दुधाचा पेला सांडला.

साहेबांनी मात्र अट घातली. कागदपत्रांचं मी बघतो, म्हणाले, पण बायको वाटेत आजारी पडली किंवा पोर गर्दीत हरवलं तर या बाईला चार शब्द इंग्रजी बोलता आलं पाहिजे. महिनाअखेरीला मी स्वतः परीक्षा घेईन.

गावात इंग्रजी येणारा माणूस एकच, कमलाकांत मास्तर. पालघरच्या शाळेत जन्मभर शिकवून आता घरी बसले होते. वत्सला संध्याकाळी त्यांच्या पडवीत जाऊन बसली. मास्तरांनी चष्मा पुसला, घसा खाकरला आणि सुरुवात केली, "धिस इज अ बॉय. दॅट इज अ गर्ल."

आठवडाभर बॉय आणि गर्लच चाललं. मग काऊ आली, मग दौत आणि टाक आला.

"मास्तर," वत्सला म्हणाली, "विमानात गाय असते का?"

"नसते. का?"

"मग तिचं काय करायचं मला? पोराला शी लागली तं काय बोलायचं ते सांगा ना."

"आधी पाया घातला पाहिजे, वत्सला. इमारत त्यावर उभी राहते."

"इमारत उभी राहीपर्यंत विमान उडून जाईल."

मास्तरांना राग आला. दोन दिवस ते तिच्याशी धड बोलले नाहीत. पण तिसऱ्या दिवशी पालघरला जाऊन प्रवाशांसाठीच्या इंग्रजी शब्दांचं एक पातळ पुस्तक त्यांनी आणलं आणि तिच्यापुढे टाकलं. त्यात मराठी अक्षरांत इंग्रजी लिहिलेलं होतं. तिकीट, प्लॅटफॉर्म, हमाल, सामान, खिडकी. भूक लागली आहे. माझी पिशवी हरवली आहे. डॉक्टरांना बोलवा.

"तिकीट आणि प्लॅटफॉर्म तं आमाला कवाचं येतं," वत्सला हसून म्हणाली.

"येत नाही. तुम्ही तिकीट म्हणता. टि-के-ट. जीभ टाळूला लाव."

ती जीभ टाळूला लावायची. मासळी निवडताना, पोरांना न्हाऊ घालताना, विहिरीवर. बायका तिला चिडवायच्या, "वत्सले, बांगड्याला इंग्रजीत काय बोलतात गं?" पुस्तकात बांगडा नव्हता. तिला त्याचाही राग यायचा.

पण शिकली ती. पडवीत मास्तर प्रश्न विचारत आणि ती भिंतीला टेकून उत्तरं देई. "व्हॉट इज युवर नेम? हाउ मेनी बॅग्ज? व्हेअर आर यू गोइंग?" यावर ती एका दमात म्हणे, "आय अ‍ॅम गोइंग टू अमेरिका." मास्तर खूश होत. दाखवत नसत, पण चष्मा पुन्हा पुन्हा पुसत.

घरी काशीबाईला यातलं काही पसंत नव्हतं. "तिकडं लोक भात खात नाय," ती म्हणायची. "सहा महिन्यांत वाळून बोंबील होशील." पण सकाळी वत्सला कामाला निघाली की काशीबाई दारात उभी राहून एवढंच विचारायची, "लांब का?" आणि वत्सला म्हणायची, "लांब." त्या किनाऱ्यावर सगळीकडे हीच रीत. दाराबाहेर पाऊल टाकणाऱ्या माणसाला 'कुठं' म्हणून टोकायचं नाही. होडीवर निघालेल्या पुरुषाला तर नाहीच नाही. चुकून कोणी टोकलंच तर माणूस परत घरात यायचा, सामान खाली ठेवायचा, बूड टेकायचा, घोटभर पाणी प्यायचा आणि मग नव्यानं निघायचा. यात कोणाला काही विशेष वाटत नसे. दार उघडताना कडी काढावी, तसं ते.

परीक्षेच्या दिवशी वत्सला ठेवणीतलं लुगडं नेसून गेली. साहेब मोठ्या हौसेत होते. दिवाणखान्यात बसवून प्रश्न विचारले असते तर गोष्ट तिथंच संपली असती. पण त्यांना वाटलं, खरोखरचा प्रवासच करून बघू. त्यांनी तिच्या हातात मेमसाहेबांची बॅग दिली, तान्हं पोर कडेवर दिलं, आणि स्वतः पुढच्या दाराबाहेर पायरीवर उभे राहिले. मी विमानतळावरचा अधिकारी, म्हणाले. तू घरातून नीघ आणि ये.

वत्सलेनं बॅग उचलली. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं.

"व्हेअर आर यू गोइंग?" साहेबांनी जरबेनं विचारलं.

तिचे पाय थांबले. तिला उत्तर येत होतं, ओठांवर होतं. पण हातात सामान, कडेवर दुसऱ्याचं पोर, एक पाय आत आणि एक बाहेर, आणि समोरून तोंडावर आलेलं ते 'व्हेअर'. इंग्रजीत असलं तरी ते तेच होतं. ती वळली, आत आली, बॅग खाली ठेवली, फरशीवर बसली आणि मेमसाहेबांना म्हणाली, "वॉटर, प्लीज."

मेमसाहेबांनी पाणी दिलं. ती घोटभर प्यायली, उठली, पुन्हा निघाली.

"व्हेअर आर यू गोइंग?"

ती पुन्हा वळली.

तिसऱ्या वेळी साहेब हसत नव्हते. वत्सलेच्या कपाळावर घाम आला होता. एकदा न विचारता जाऊ दे बाबा, मग हवं ते विचार, एवढंच तिला सांगायचं होतं. तिनं डोक्यातलं सगळं पुस्तक उलटंपालटं केलं. भूक होती, खिडकी होती, हमाल होता. यासाठी एक शब्द नव्हता.

"नो आस्क," ती शेवटी म्हणाली. "प्लीज. नो आस्क."

अधिकारी तर विचारणारच, साहेब म्हणाले. ते मेमसाहेबांशी भराभर बोलले. वत्सलेला त्यातलं फक्त 'बॉम्बे' कळलं. थोरल्या पोरानं मान खाली घालून तिला सांगितलं, "बाबा बोलतो, तू घाबरते. मुंबईची आया आननार."

त्या संध्याकाळी ती घरात शिरली ती पाय आपटतच. काशीबाई चुलीशी होती.

"झाली का परीक्षा?"

"झाली. तुमच्या 'लांब का' नं माझी वाट लावली."

सगळं ऐकून काशीबाई म्हणाली, "बरंच केलं. टोकल्यावर कोण जातं का?"

"जगात सगळी जातात, आय. आपुनच पाणी पीत बसतो."

"मग जायचं होतं ना उत्तर देऊन. मी काय तिथं तुजा पदर धरून हुबी होते?"

 वत्सलेची खरी चीड तीच तर होती. काशीबाई तिथं नव्हती. कोणीच नव्हतं. पाय तिचेच थांबले होते.

ती मास्तरांकडे गेली. मास्तरांनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "एवढं शिकवून शेवटी अंधश्रद्धा? एसटीत कंडक्टर विचारतो ना तुला, कुठं म्हणून? तेव्हा उतरतेस का खाली?"

"तो गाडीत विचारतो, मास्तर. तवा मी निघालेली असते. निघालेल्या माणसाला कोनी काय पन विचारावं."

मास्तरांनी चष्मा काढला. 

"म्हणजे," मास्तर सावकाश म्हणाले, "खऱ्या विमानतळावर तू उत्तर दिलं असतंस."

"दिलं असतं ना. तिथं कशाला अडलं असतं? यानं दारातच विचारलं." तिचा आवाज चढला. "त्याला विमानतळ करायचा होता तं रस्त्यावर जाऊन करायचा. घराच्या पायरीवर कोन विमानतळ करतं?"

मास्तरांना हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. मग त्यांनी दौत ओढली आणि हे साहेबाला इंग्रजीत कसं सांगायचं ते जुळवायला बसले. चार वाक्यं लिहिली, चारही खोडली. कस्टम, बिलीफ, थ्रेशोल्ड असे शब्द ते पुटपुटत राहिले. जन्मभर इंग्रजी शिकवलं, पण दारात टोकू नये एवढी साधी गोष्ट त्यांना त्या भाषेत घालता येईना. शेवटी ते तिच्यावरच खेकसले, "उद्या मी येतो. मी सांगतो."

"नको," वत्सला म्हणाली. "माझं मीच सांगते."

दुसऱ्या दिवशी साहेब जेवायला घरी आले तेव्हा ती त्यांच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली. आधी दाराकडे बोट केलं. "डोअर, आस्क, बॅड." मग हात लांब पसरून विमानासारखा नेला. "एअरपोर्ट, आस्क, गुड. नाऊ आस्क."

साहेबांनी काटा खाली ठेवला. मेमसाहेब हलकेच काहीतरी बोलल्या. त्यांना निम्मं तरी कळलं असावं. साहेबांनी विचारलं, "व्हेअर आर यू गोइंग?"

"आय अ‍ॅम गोइंग टू अमेरिका."

मग त्यांनी सामान विचारलं, पोरांची नावं विचारली, पोर हरवलं तर काय करशील ते विचारलं. ती न अडखळता सांगत गेली. 'टिकेट' म्हणताना जीभ टाळूला लागली. थोरल्यानं टाळ्या पिटल्या. साहेब खरोखर चकित झाले. व्हेरी गुड, म्हणाले, व्हेरी व्हेरी गुड.

आणि मग खांदे उडवून त्यांनी सांगितलं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून, तिला कळावं म्हणून. मुंबईच्या बाईला कालच तार केली. तिनं होकार दिला. शब्द दिला तो दिला. सॉरी. नेक्स्ट टाइम.

मेमसाहेब ताटात बघत होत्या. वत्सलेला सगळं कळलं. महिनाभर हेच तर शिकली होती ती, कळायला. न शिकती तर बरं झालं असतं, असंही तिच्या मनात येऊन गेलं. सवयीनं तिनं रिकामी ताटली उचलली. आता आत जायचं, भांडी विसळायची, पोरांना झोपवायचं, आणि मुंबईची बाई आली की पोरं कुठल्या अंगावर झोपतात ते तिला दाखवून द्यायचं.

तिनं ताटली परत मेजावर ठेवली.

"व्हेन?" तिनं विचारलं.

साहेबांना वाटलं, तिला नीट कळलेलं नाही. "नेक्स्ट टाइम," ते पुन्हा म्हणाले.

"येस. नेक्स्ट टाइम." वत्सलेनं पुस्तकातलं वाक्य मनात जुळवलं आणि मास्तरांनी शिकवल्यासारखं, प्रत्येक अक्षर घासून पुसून म्हटलं, "व्हेन इज द नेक्स्ट एरोप्लेन?"

साहेबांनी बायकोकडे पाहिलं. वीजघराचं काम संपत आलं होतं, ते संपलं की साहेब बायकापोरांसकट कायमचे परत जाणार, हे खोलीतल्या मोठ्या माणसांना सगळ्यांना ठाऊक होतं. साहेबांनी रुमालानं तोंड पुसलं. खुर्ची मागे सरकवली. कामावर जायची वेळ झाली होती, घड्याळाकडे बोट करून त्यांनी तसं सांगितलंही.

वत्सला बाजूला झाली नाही. ती खुर्ची आणि दार यांच्यामध्ये उभी होती, उत्तराची वाट बघत.