आवाजावर कापलेलं लग्न

अक्षता पडायच्या वेळेला टीव्हीवर चपला आल्या.

आवाज बरोबर होता. "शुभमंगल सावधान" एकदम खणखणीत. चित्रात मात्र तपकिरी सतरंजी, तीन लेडीज चपला, एक बूट आणि कुणाचा तरी मोजा, अंगठ्याला भोक पडलेला. काटेवाडीच्या हिंदुराव आबांच्या हॉलमध्ये पंधरा माणसं बसली होती. कुणी हललं नाही. पुढची मंगलाष्टका सुरू झाली, तरी चपलाच.

हिंदुराव आबा म्हणजे नवरीचे आजोबा. त्यांनी माझ्या वडलांकडं मान वळवली. माझे अब्बा, बादशाह शेख, इंदापूरचे लग्नाचे शूटिंगवाले. सव्वीस वर्षं हेच करतात.

"बादशाहभाई, लगीन नातीचं व्हतं. चपलांचं कवा लावलं?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं. आबांच्या बायकोनं, विजयमाला आजींनी, टीव्हीजवळ जाऊन बोट लावलं. "ही डावीकडची माझी हाय. मी म्हणलं मांडवात चोरीला गेली. हितं घावली."

"आबा, कॉम्प्युटरनं गडबड केली," अब्बा म्हणाले. "शुक्रवारपातूर नवी करून देतो."

"शुक्रवारी व्याही जेवाय येत्यात. त्यांच्यापुढं लावायची हाय. पोरं म्हणत व्हती पुण्याचा ड्रोनवाला बघू, मीच म्हणलं न्हाय, आपला बादशाहभाईच पायजे." आबांनी आवाज चढवला नाही, हे जास्त वाईट होतं. "शुक्रवारी न्हाय जमलं तर कच्चं शूटिंग दिऊन टाका. दुसऱ्याकडनं करून घिऊ."

कच्चं, न कापलेलं शूटिंग परत मागणं म्हणजे आमच्या धंद्यात तोंडावर दार लावणं. एकानं मागितलं की पुढच्या सीझनला रस्त्यावरच्या सगळ्या गावांना माहीत होतं.

सगळे टीव्हीकडं बघत होते तेव्हा मी अब्बांकडं बघत होते. मला ती सवय आहे. पहिली चप्पल दिसली आणि सगळ्यांच्या आधी अब्बांनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांना दिसलं होतं. मग आठ दिवस घरी कॉम्प्युटरपुढं बसून तेच कापत होते, तेव्हा कसं दिसलं नाही?

चपला कुठून आल्या ते मला कळलं होतं. अब्बा मांडवात दोन कॅमेरे लावतात. एक स्टँडवर, एक गळ्यात. अक्षतांच्या वेळेला गळ्यातला सोडून देतात आणि स्वतः अक्षता टाकतात. सव्वीस वर्षांत एक लग्न असं नाही की त्यांनी टाकल्या नाहीत. म्हणतात, मांडवात उभ्या माणसाचा हात मोकळा आसू नये. गळ्यातला कॅमेरा तेवढा वेळ लोंबकळत चालू राहतो आणि जमीन घेतो. पण तो भटजींच्या जवळ असतो, म्हणून त्याचा आवाज चांगला येतो. हिंदुराव आबांच्या पेनड्राइव्हमध्ये स्टँडवरचं चित्र जायला पाहिजे होतं. गेलं लोंबकळलेल्याचं.

काटेवाडीच्या स्टॉपवर एसटी आली तशी अब्बा म्हणाले, "बोर्ड वाच गं सिमरन, चष्मा घरी राह्यला."

चष्मा खिशात होता. मला काडी दिसत होती.

दिवाळीपासून स्कूटर प्लॅस्टिकखाली उभी आहे. पेट्रोल परवडत न्हाय म्हणतात. गावातल्या गावात सुद्धा चालत. इंदापूर येईपर्यंत मी एक एक गोष्ट जोडत बसले आणि डोकं तापत गेलं.

घरी गेल्या गेल्या मी कॉम्प्युटर चालू केला. अब्बा खुर्चीत बसले, माउस धरला, मंगलाष्टका लावल्या. मी मागून स्पीकरची पिन उपटली.

"आवाज का घालवलास?"

"चालू हाय की चित्र. मारा कट."

माउस हलला नाही.

"अब्बा, नवरीच्या अंगावर कुठल्या रंगाची साडी हाय?"

"पिवळी," ते म्हणाले. मुहूर्ताला पिवळीच असते. पण पडद्यावर तेव्हा केळी खाणारं एक पोर होतं.

मी जे बोलले ते लिहीत नाही. शेजारी ऐकू गेलं एवढं खरं. आतल्या खोलीतलं अम्मीचं शिलाई मशीन बंद पडलं, मग परत सुरू झालं. अब्बांनी मला बोलून घेऊ दिलं. मग म्हणाले, "साखर डोळ्यात उतरली. दिवाळीत पुण्याला लेझर मारलं. डॉक्टर म्हणलं, गेलं त्ये गेलं, राह्यलंय त्ये सांभाळा."

"आन मला न्हाय सांगितलं."

"तू तडकतीस."

"मग कट कसं मारत व्हता?"

"कानानं. अक्षता कधी, वरात कधी, बायका नाव कधी घेत्यात, आवाज पाठ हायेत मला. दोन सीझन निघालं की तसंच." पडद्याला बोट लावून म्हणाले, "ह्यो पडदा बारका हाय. बारकं आसलं की नुसता धुरळा दिसतो."

आणि काटेवाडीत दिसलं. कारण तिथं टीव्ही मोठा होता.

आमच्याकडंही आहे. त्रेचाळीस इंची, मामानं घेतलेला, त्याच्यावर अम्मी सिरियल बघती. कॉम्प्युटर त्याला जोडला की झालं. पण कॉम्प्युटर जुना, कुठल्यातरी बँकेतून निघालेला, चपटा. मागं एकच निळं भोक, पंधरा पिनांचं. टीव्हीला ते नाही, टीव्हीला एचडीएमआय. मंगळवारी मोबाईलच्या दुकानातनं एक अडॅप्टर आणून लावला. चित्र आलं, पण कॅनॉलच्या पाण्यातनं बघितल्यासारखं, आणि लग्न अडखळत चालायचं. अब्बा म्हणाले, "ह्याच्यापेक्षा माझं डोळं बरं."

मग ग्राफिक कार्ड. आत बसवायचं, त्याला स्वतःचं एचडीएमआय असतं. मी रात्रभर व्हिडिओ बघितले असं काही नाही, दोनच बघितले. त्यातलं एक डोक्यात बसलं: कार्ड आधी नाही निवडायचं, आधी आपला डबा बघायचा. अम्मीची टेप घेतली आणि कॉम्प्युटर उघडला. कार्ड उभं राहायची जागा साडेतीन इंच पण नाही. आत वीज देणाऱ्या डब्यावर लिहिलेलं, दोनशे चाळीस वॉट. दोन्ही आकडे हातावर पेनानं लिहून घेतले.

बुधवारी सकाळच्या एसटीनं बारामती. स्टँडच्या मागं दुकान, आत सूरज नावाचा माणूस, पंचविशीचा, बोटात दोन अंगठ्या.

"ग्राफिक कार्ड बघायचंय."

"कशाला? गेमिंग?"

मी तोंड उघडायच्या आत अब्बा म्हणाले, "व्हय. पोरगी खेळती."

मी अब्बांकडं बघितलं. ते काउंटरकडं बघत होते.

सूरजनं कार्ड काढलं. केवढं, तर फरशीच्या तुकड्याएवढं. दोन पंखे. त्यानं ते दुकानातल्या मशीनला लावून दाखवलं तर पंख्यांत लाल, निळे, हिरवे दिवे फिरायला लागले. अब्बा पुढं वाकले. त्यांना ते दिसत होतं ना. दुकानात एवढी एकच गोष्ट त्यांना नीट दिसत असेल.

"हे चांगलं वाटतंय," ते म्हणाले.

"काका, एक नंबर. कुठलाही गेम."

"ह्याला वरनं वेगळी वायर लागती का?" मी विचारलं.

"लागते. सहा पिनची."

"आमच्या डब्यात न्हाय ती. आन हे उभंच राहाणार न्हाय." मी डावा तळहात पुढं केला.

सूरजनं हात वाचला. "कितवीला गं तू?"

"कितवीलाच न्हाय."

"सिमरन," अब्बा म्हणाले.

"डबा सुद्धा बदलू की, काका. पॉवर सप्लाय पण. मी सगळं बसवून देतो, शनिवारी घेऊन जा."

शनिवार. अब्बांची मान 'चालंल' म्हणायला हलणार होती. आवडलं की त्यांना नाही म्हणता येत नाही, आणि त्यांना दिवे आवडले होते.

"बारकं न्हाय का?" मी म्हणलं. "बिनपंख्याचं. नुसतं एचडीएमआय पायजे."

सूरजनं खालचा कप्पा ओढला. तळहाताएवढा खोका, वर धूळ. कार्ड काढलं तर काळी जाळी आणि बाजूला दोन भोकं, एक निळं, एक एचडीएमआय. खोक्यात अर्ध्या उंचीची एक जादा पत्र्याची पट्टी. चपट्या डब्यासाठीच असते ती. वायर लागत नाही. मी मनात मोजलं. बसतंय.

"पण बघा हं," सूरज अब्बांना म्हणाला, "ह्याच्यावर एक गेम चालणार नाही. लोक नंतर येऊन भांडतात. तुम्ही पोरीला गेमसाठी घेताय आणि हे म्हणजे... घेऊच नका. आजकालच्या पोरांना काय कळतंय, व्हिडिओ बघून येतात."

माझी कानशिलं गरम झाली. जिभेवर आलं होतं. एक वाक्य बोलले असते तर सूरज गप्प झाला असता आणि अब्बा पण. मी दात आवळून धरले. आयुष्यात पहिल्यांदा असेल.

अब्बांनी खिशातनं चष्मा काढला, पुसला, परत खिशात ठेवला.

"पोरगी गेम खेळत न्हाय," ते म्हणाले. "मी लग्नाची शूटिंग करतो. मला दिसत न्हाय आता. टीव्हीवर मोठं दिसतं. म्हणून पायजे."

दुकानात दुसरं गिऱ्हाईक होतं, माउस बघत उभं. तेही ऐकत होतं. अब्बांचा आवाज आबांच्या हॉलमधल्यासारखा नव्हता. आपल्या गावाचं नाव सांगावं तसा होता.

सूरजनं दिव्यांचं कार्ड बंद करून आत ठेवलं. मग बारकं कार्ड स्वतःच मशीनला लावलं, भिंतीवरच्या टीव्हीला जोडलं, चित्र येतंय बघितलं, त्याची पट्टी खोलली आणि अर्धी बसवून दिली. हे सगळं करताना तो माझ्याशी बोलत होता, कितवीचं काही नाही. "ताई, केबल कार्डाच्याच भोकात लावा. जुन्या भोकाला अडॅप्टर लावून जोडली तर जुनंच राहील. आणि टीव्ही चारी कडा खातो. सेटिंगमध्ये पूर्ण चित्र करून घ्यायचं, नायतर कडंची माणसं कापली जातात."

"कडंला नवरीचा मामा आसतो," अब्बा म्हणाले. "मामा कापला की लगीन मोडतं." सूरज हसला. अब्बा पण.

दुपारी घरी बसवलं. टीव्ही लावला. काळा पडदा, मधोमध 'नो सिग्नल'. केबल काढून घातली. 'नो सिग्नल'. मी पाना आपटला. डब्यात बसलं, वायर नको, सगळं मोजलेलं, आणि आता हे. हे उघडलेलं कार्ड परत कोण घेणार, उद्या गुरुवार, परवा शुक्रवार. मी म्हणलं, मीच फसवलं ह्यांना.

"गप ऐक," अब्बा म्हणाले. कॉम्प्युटरकडं कान करून बसले होते. "बंद करून परत लाव."

लावलं. डब्यातल्या पंख्याचा आवाज आला, मग स्पीकरमधून ते सुरुवातीचं वाजलं, दररोजचं.

"त्यो चालू झाला बघ. बिघडल्याला नीट गात न्हाय. चित्र निघतंय, टीव्ही दुसऱ्या दारात उभा आसंल."

मी टीव्हीच्या मागं वाकून बघितलं. तिथं दोन भोकं होती. सेटटॉप बॉक्स एकमध्ये, मी केबल घातली होती दोनमध्ये, आणि रिमोट अजून एकवर. दोन दाबलं.

त्रेचाळीस इंच भरून काटेवाडीचा मांडव.

शुक्रवारचं सांगून टाकते. व्याह्यांनी दोनदा लावून बघितलं. विजयमाला आजींनी मला शेंगदाण्याचे लाडू दिले आणि अब्बांना विचारलं, माझी चप्पल असलेला तुकडा तेवढा वेगळा द्याल का. पण मला शुक्रवार नाही आठवत, बुधवारची दुपार आठवते.

अब्बा खुर्ची सोडून टीव्हीपुढं पलंगावर बसले, माउस पुस्तकावर ठेवून. मी सेटिंगमधनं कडा बाहेर ओढल्या. डावीकडं मामा आला. उजवीकडं अगदी टोकाला एक माणूस, गळ्यात लोंबकळणारा कॅमेरा, हात वर, मुठीतनं अक्षता सुटलेल्या. स्टँडवरच्या कॅमेऱ्यानं त्यांना घेतलं होतं.

"तुमीच हाय की," मी म्हणलं. "काढायचं का?"

अब्बा बघत राहिले. अक्षता हवेत थांबवून ठेवल्या होत्या.

"राहू दे. कडंला तर हाय."

आत अम्मीचं मशीन बंद झालं. ती दारात येऊन उभी राहिली, खांद्यावर टेप. तिची सिरियलची वेळ होती. ती खाली बसली.

अब्बांनी चित्र पुढं चालू केलं. भटजींचा आवाज टीव्हीतनं खोलीत भरला. त्यांनी बाजूला चाचपडत रिमोट घेतला, आणि आवाज पूर्ण बंद केला. मग पहिला कट मारला.