होकारही चालतो, नकारही चालतो

आमच्या बाबांनी आयुष्यात कधी कुणाला ‘असं कर’ म्हणून सांगितलेलं नाही. ते फक्त ‘हे चुकलंय’ एवढंच सांगतात. छापखान्यात ते मुद्रितशोधक होते, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या मजकुरातल्या चुका शोधायचा त्यांना पगार मिळायचा. तिथे त्यांना सगळे ‘अनुस्वार’ म्हणायचे, कारण ते प्रत्येकाच्या डोक्यावर बसायचे. निवृत्त झाल्यावर बसायला डोकी कमी पडली. घरात दोनच उरली होती, आईचं आणि माझं.

आईच्या डोक्यावर बसणं सोपं नव्हतं. आई नाटकांचे कपडे बेतते. मागच्या खोलीत तिचं शिलाई मशीन, कापायचं लांबलचक टेबल आणि राजांपासून भिकाऱ्यांपर्यंत सगळ्यांचे अर्धवट झालेले पोशाख. तिच्या कात्रीला हात लावायची कुणाची टाप नाही. मी लहानपणी एकदा त्या कात्रीने कागद कापला होता, त्याचा उल्लेख अजून होतो.

तेव्हा राहिलं माझं डोकं. मी ज्या कंपनीत काम करते ती लोकांच्या जुन्या वेबसाइट उचलून नव्या जागी नेऊन ठेवते. मी घरूनच काम करते, त्यामुळे बाबांना दिवसभर हाताशी सापडते. शेजारच्या काकांनी कुठल्याशा मेलमधली लिंक दाबली आणि त्यांच्या नावाने अख्ख्या इमारतीला केस वाढवायच्या तेलाच्या जाहिराती गेल्या. काकांना टक्कल आहे, त्यामुळे बोभाटा जास्तच झाला. तेव्हापासून बाबांनी लिंकची अशी धास्ती घेतली की कुठलाही मेल आला की माझ्या दारात उभे.

“लिंक आली आहे. दाबू का?”

“दाबू नका.”

“पण वाचनालयाची आहे.”

“मग दाबा.”

“आणि वाचनालयाची नसली तर?”

शेवटी वैतागून मी त्यांना माझं ऑफिसमधलं हत्यार दिलं. इंटरनेटवर फुकट मिळतं. त्यात एखाद्या वेबसाइटचा पत्ता टाकायचा, नाहीतर एखादं डॉक्युमेंट चढवायचं. मग त्यात शब्दांच्या, चित्रांच्या, बटणांच्या मागे जेवढ्या म्हणून लिंक दडलेल्या असतील तेवढ्या ते ओढून काढतं आणि एकाखाली एक मांडून देतं. कुठला शब्द कुठे नेणार ते आधीच कळतं. आम्ही ऑफिसात मग त्या एकेक उघडून बघतो. पान उघडलं तर लिंक जिवंत, नाही उघडलं तर मेलेली.

मला वाटलं, सुटले. पण झालं भलतंच. बाबा त्या साधनाच्या प्रेमात पडले. त्यांच्या लेखी हे मुद्रितशोधनच होतं, फक्त लेखक जास्त गाढव होते. ते लिंक काढायचे, त्यांचा कागद छापायचे, एकेक उघडून बघायचे आणि लाल पेनाने समोर ‘जि’ नाहीतर ‘मे’ लिहायचे. पाणीखात्याच्या वेबसाइटवर ‘तक्रार करा’ दाबलं की पुन्हा त्याच पानावर येतं, हा शोध त्यांचा. वाचनालयाची ‘आमच्याविषयी’ ही लिंक बुटांच्या दुकानात जाते, हाही त्यांचाच. ते जेवताना या गोष्टी इतक्या आनंदाने सांगायचे की जणू गाढवपणाचं सगळं पीक आमच्याच अंगणात आलंय.

आणि मग आईला ते बोलावणं आलं.

एका मोठ्या नाटक मंडळीने तिचं काम कुठेतरी पाहिलं होतं. ते वर्षभराच्या दौऱ्यावर निघणार होते, देशोदेशी, आणि त्यांना पोशाखांची सगळी जबाबदारी घेणारं माणूस हवं होतं. आधी फोन झाला, मग भेट झाली, आणि आईने घरी येऊन भाजी चिरता चिरता सांगितलं, जसं काही दूधवाला बदलतोय. मी आनंदाने ओरडले. बाबा म्हणाले, “तुझं तू ठरव.”

“तुम्हाला काय वाटतं?”

“माझं काम चुका दाखवायचं. मजकूर ठरवायचं नाही.”

हे वाक्य आमच्या घरात फार जुनं आहे. माझ्या शिक्षणाच्या वेळी ऐकलं, घर बदललं तेव्हा ऐकलं, पडद्यांचा रंग ठरवताना तर हमखास ऐकलं. आईने चिरलेली भाजी एवढ्या जोरात पातेल्यात लोटली की अर्धी ओट्यावर सांडली. मग ती म्हणाली, “बघू.”

त्या ‘बघू’वर आठवडा निघाला. आईने माळ्यावरची ट्रंक काढली, पुसली, परत वर ठेवली. दोन दिवसांनी पुन्हा खाली काढली. मी तिला म्हटलं, “तुला जायचंय ना? मग जा की.” तर ती म्हणाली, “जायचंय गं. पण या माणसाने एकदा तरी तोंड उघडावं.” तिचे डोळे भरून आले होते आणि त्याचा राग तिने एका सरदाराच्या बाहीवर काढला. बाही उसवावी लागली.

मग मंडळीचं रीतसर पत्र आलं, ते घरच्या मेलवर. तो बाबाच बघतात, कारण आईचे हात कायम कापडात. लांबलचक डॉक्युमेंट होतं. प्रवास, राहणं, विमा, नियम, आणि अगदी शेवटी रंगीत अक्षरांत दोन शब्द, होकार आणि नकार. त्यातला एक दाबून आईने उत्तर द्यायचं होतं.

“तपासून घेतो,” बाबा म्हणाले.

“घ्या,” आई आतून म्हणाली. “तेवढंच जमतं तुम्हाला.”

बाबांनी पत्र साधनात चढवलं, लिंक काढल्या, कागद छापला आणि चष्मा पुसून कामाला लागले. सकाळभर त्यांच्या खोलीतून माउसची टिकटिक येत होती. मीही माझ्या कामात होते. दुपारी ते कागद घेऊन जेवायला आले. चेहऱ्यावर काम हातावेगळं केल्याचं समाधान होतं.

“पत्र चांगलं आहे,” ते म्हणाले. “विम्याची लिंक मेलेली आहे, ते त्यांना कळवलं पाहिजे. बाकी सगळ्या जिवंत. होकारही चालतो, नकारही चालतो.”

आईचा हात ताटावर थांबला. “चालतो म्हणजे?”

“म्हणजे उघडतो. उघडल्यावर ‘नक्की?’ म्हणून विचारतात. ते बटण दाबलं की ‘आपले उत्तर मिळाले, आभारी आहोत’ असं येतं. दोन्हीकडे येतं. ‘आभारी’ची वेलांटी बरोबर आहे.”

मी हातातला घास ताटात परत ठेवला. माझ्या ऑफिसात नवीन आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतात, की बाबा रे, लिंक तपासताना बटणं दाबत सुटू नकोस, नाहीतर एखाद्या दुकानातलं सामान मागवून बसशील. पण आजवर कुणी दुपारच्या जेवणाआधी स्वतःच्या बायकोची नोकरी स्वीकारून लगेच नाकारली नव्हती.

“तुम्ही दोन्ही दाबलेत?” आईने विचारलं.

“अर्धवट तपासणी मला जमत नाही.”

आई उठली. तिने ताट तसंच ठेवलं, मागच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मशीनचा आवाज आला नाही. आमच्या घरात आई रागावली की मशीन धडधडतं. मशीन गप्प म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलं.

मी बाबांना स्वयंपाकघरात गाठलं. ते ताटं घासत होते, न सांगता, यावरूनच काय ते कळत होतं.

“बाबा, पाणीखात्याच्या पानावर तुम्ही ‘पाठवा’ दाबलं होतं?”

“नाही.”

“वाचनालयाच्या?”

“नाही.”

“कुठल्याही पानावर, आजपर्यंत, कधीतरी?”

त्यांनी एकच वाटी परत परत धुतली. “पान उघडलं की लिंक जिवंत. पुढे जायची गरज नसते.”

“मग आजच का गेलात?”

“त्या वाटीला अजून साबण आहे,” बाबा म्हणाले. वाटी त्यांच्याच हातात होती.

मला त्यांचा असा संताप आला की काय सांगू. अख्खा आठवडा ती बाई यांच्या एका शब्दासाठी ट्रंक वरखाली करत होती, आणि या गृहस्थांना बोलायचं सुचलं ते माउसने. मी तोंड उघडणार एवढ्यात आईचा फोन वाजला.

मागच्या खोलीचं दार उघडलं. आई फोन घेऊन स्वयंपाकघरात आली आणि तिने तो जेवणाच्या टेबलावर ठेवून मोठ्या आवाजावर लावला. मंडळीच्या ऑफिसातल्या बाई होत्या, आवाजावरून घाईत असलेल्या.

“आम्हाला तुमचा होकार मिळाला, आणि पाठोपाठ नकारही मिळाला. पत्रात लिहिलंय तसं आम्ही शेवटचं उत्तर धरतो. म्हणजे नकार. पण म्हटलं, एकदा विचारावं. दुसरं चुकून गेलं का?”

आईने बाबांकडे पाहिलं. मीही पाहिलं. पत्रात लिहिलंय तसं. आणि पत्रातला एकही स्वल्पविराम या माणसाच्या नजरेतून सुटलेला नसणार.

“थांबा हं,” आई फोनमध्ये म्हणाली. “उत्तर ज्यांनी दिलंय, त्यांनाच विचारा.” आणि तिने फोन टेबलावरून बाबांच्या पुढे सरकवला.

बाबांचे हात ओले होते. त्यांनी ते सदऱ्याला पुसले, जे ते कधीच करत नाहीत. फोनकडे असे वाकले जसे बारीक टाइपाकडे वाकायचे.

“हॅलो? ऐकू येतंय ना?” बाई म्हणाल्या. “दुसरं उत्तर चुकून गेलं का?”

“चुकून नाही,” बाबा म्हणाले. “पण ती चूक आहे. माझी. पहिलं धरा.”

या घरात बाबांच्या तोंडून ‘चूक’ आणि ‘माझी’ हे शब्द एका वाक्यात मी पहिल्यांदाच ऐकले. बाईंना त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. त्या म्हणाल्या, “बरं, मग होकार परत एकदा पाठवा, आजच्या आज,” आणि फोन ठेवला.

आई खुर्ची ओढून बाबांच्या समोर बसली. “आता बोला.”

“तू गेलीस की मागच्या खोलीतून आवाज येणार नाही,” बाबा म्हणाले. “मला ते सहन होणार नाही. तू जाऊ नयेस असं मला वाटतं.”

“मग आठवडाभर तोंडात काय धरलं होतं?”

“बोललो असतो तर तू गेली नसतीस.”

आईने टेबलावरचा फोन उगाच उलटा करून ठेवला. 

“म्हणून बोललो नाही,” बाबा म्हणाले. “सकाळी आधी होकार उघडला. तो मनापासून दाबला, खरंच. म्हटलं, पाठवून टाकावं तुझ्या वतीने, म्हणजे तुझी ओढाताण संपेल. मग त्याच्याखाली नकार होता.” ते थांबले. “होता तिथे. आणि मीच एकटा होतो खोलीत.”

“माझ्या वतीने होकार द्यायला तुम्हाला सांगितलं कुणी?”

“कुणी नाही.”

“माझ्या कात्रीला हात लावता का कधी?”

“नाही.”

“मग माझ्या उत्तराला कसा लावलात?”

बाबांनी मान खाली घातली. आईने पदर सारखा केला, उठली आणि बाबांच्या खोलीत जाऊन कॉम्प्युटरपुढे बसली. आम्ही दोघं मागे जाऊन उभे राहिलो, परीक्षेत कॉपी करताना सापडल्यासारखे. तिने पत्र उघडलं, खाली गेली, होकारावर बाण नेला आणि दाबला. पान आलं. नक्की?

“मशीनला तेल घालावं लागतं,” ती मागे न बघता म्हणाली. “नुसतं पडून राहिलं तर बिघडतं.”

“घालीन.”

“आणि रोज थोडं चालवायचं. कसलाही कपडा घ्या आणि सरळ शिलाई मारा. काही शिवू नका, माझी बदनामी होईल.”

“बरं.”

“आणि फोनवर बोलायचं. तब्येत बरी आहे, जेवलो, हे नको. काय वाटतं ते बोलायचं.”

यावर बाबा जरा अडखळले. मशीन चालवणं त्यांना जमलं असतं. “प्रयत्न करीन,” ते म्हणाले.

आईने बटण दाबलं. ‘आपले उत्तर मिळाले, आभारी आहोत.’ तिने पदराने डोळे टिपले, ट्रंक कुणीतरी खाली काढा म्हणाली, आणि मागच्या खोलीत गेली. थोड्याच वेळात मशीन धडधडायला लागलं. सरदाराची बाही राहिली होती.

मी ट्रंक काढायला स्टूल आणलं. बाबा अजून खोलीतच होते. दारातून पाहिलं तर त्यांनी सकाळचा तो छापलेला कागद समोर घेतला होता आणि हातात लाल पेन होतं. लिंकांच्या ओळींवरून बोट नेत ते नकारापाशी आले. त्यांनी त्याच्यासमोरचं ‘जि’ नीट आडव्या रेघेने खोडलं, शेजारी ‘मे’ लिहिलं, आणि खाली आपली सही केली.

लिंक चांगली जिवंत होती. मी मुद्दाम नंतर उघडून पाहिली.