सतरा नंबरच्या पाठीवरची नावं

१० जानेवारी, शनिवार. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी डोरीन हावरिलक यांनी माझ्या पाठीवरचं 'गोदे' हे नाव उसवायला घेतलं. एकेक टाका उचलत सगळं नाव काढायला त्यांना एकोणीस मिनिटं लागली. एरवी सहा लागतात.

मित्रांनो, मी एक जुनी हॉकीची जर्सी आहे. बर्फावरच्या हॉकीची. आमच्या एल्क बेंड गावात दुसरी हॉकी कुणी खेळत नाही. नऊ वर्षांपूर्वी कॅनडातल्या विनिपेगच्या एका कारखान्यात मी तयार झाले. रंग हिरवा, छातीवर सांबराचं डोकं, पाठीवर १७. आतून पाठीला एक जाड पट्टा शिवलेला आहे. तो खेळाडूच्या विजारीला अडकवायचा असतो, म्हणजे मारामारीत समोरच्याला मला ओढून खेळाडूच्याच डोक्यावर टाकता येत नाही. खेळाच्या कपड्याला असा पट्टा का लागतो, हे मला पहिली चार वर्षं विचारावंसं वाटलं नाही. सगळ्यांनाच तो होता.

आमच्या टीमला मालक नाही. ती गावाची आहे. खेळाडू असतात सतरा ते वीस वर्षांचे, दूरदूरच्या गावांतून आलेले. ते गावातल्या लोकांच्या घरी राहतात. घरचे त्यांना जेवू घालतात आणि उशीर झाला तर रागावतात. डोरीनबाईंच्या घरी गेली बारा वर्षं कुणी ना कुणी राहत आलं आहे. जर्सींवर नावं शिवण्याचं आणि फाटलेलं सांधण्याचं कामही त्यांचंच. त्यामुळे माझं निम्मं आयुष्य बर्फावर गेलं आणि निम्मं त्यांच्या शिवणाच्या पिशवीत.

रेमी गोदे माझ्यात आला तेव्हा मी त्याला ढगळ झाले. तो पाच फूट सहा इंचांचा होता. बाह्या दुमडाव्या लागत. पण चकती, म्हणजे आमच्या हॉकीतला चेंडू, त्याच्या काठीला आली की समोरचे तिघे कुठे बघायचं ते विसरत. तो थांबल्यासारखं करायचा आणि थांबायचा नाही. त्याच्या अंगात असताना मला कधी जोराचा धक्का बसला नाही, कारण धक्का येईपर्यंत आम्ही तिथे नसायचो. माझ्या नऊ वर्षांतला तेवढा एकच काळ मी खेळात होते असं म्हणेन.

२२ नोव्हेंबरला स्टोनी लेकच्या टीममधल्या पाच नंबरनं त्याला मागून बर्फाभोवतीच्या फळीवर आदळलं. माझी खांद्याची शिवण कोपरापर्यंत उसवली. रेमी चाळीस सेकंद उठला नाही. आमच्यापैकी कुणी त्या पाच नंबरच्या अंगावर गेलं नाही. गावाच्या मनाला हे त्या चाळीस सेकंदांपेक्षा जास्त लागलं.

रिंकच्या, म्हणजे बर्फाच्या मैदानाच्या, कॅन्टीनमध्ये रोज सकाळी दहाला म्हाताऱ्यांचं कॉफीचं टेबल भरतं. तिथे विल्फ ओस्टाफी बोलतात आणि लॉर्न मॅकफी त्यांना खोडून काढतात. विल्फ धान्याच्या कोठारावर होते, लॉर्न शाळेत गणित शिकवत. दोघंही निवृत्त. डोरीनबाई शेजारच्या खुर्चीवर बसून माझा खांदा सांधत होत्या.

"टीम आहे की बालवाडी?" विल्फ म्हणाले. "आपलं पोरगं पडलंय आणि बाकीचे हातमोजे चावत उभे! रग पाहिजे अंगात, रग!"

"बावीस सामन्यांत एकतीस गुण आहेत त्या पोराचे," लॉर्न वहीत बघून म्हणाले. "तुझ्या त्या लाडक्या गॅरीनं चार वर्षांत तीन गोल केले. त्यातला एक आपल्याच जाळ्यात."

"पण गॅरी असताना आपल्या पोरांना हात लावायची कुणाची छाती नव्हती."

"कशाला लावतील? चकती आपल्याकडे कधी असायचीच नाही."

"तू हस. रेमी गुणी आहे, मी कधी नाही म्हटलं? पण एवढुस्सा जीव तो. पोस्टानं पाठवला तरी जादा तिकीट लागायचं नाही. त्याच्या शेजारी एक राक्षस नको? काय गं डोरीन?"

डोरीनबाईंनी दोरा दातानं तोडला. "परवा जेवताना त्याला मान वळवता येईना," त्या म्हणाल्या. "पेरोगीच्या करंज्या त्याच्या डाव्या बाजूला ठेवाव्या लागल्या."

७ डिसेंबरच्या रविवारी कर्लिंग नावाच्या खेळाच्या हॉलमध्ये पॅनकेकची न्याहारी होती. दर वर्षी असते. टीमचे व्यवस्थापक डेल टर्नबुल तिथे उभे राहतात आणि लोक त्यांना जाब विचारतात. मी डोरीनबाईंच्या मांडीवर होते. खांद्याचे शेवटचे टाके राहिले होते.

टर्नबुल म्हणाले, "टीम तुमची आहे. मला सरळ सांगा. आपल्याला एक टणक गडी हवा का? हात वर करा."

एकशे बारा हात वर झाले. डोरीनबाईंचाही झाला, सुईसकट.

बदल्यात कुणाला द्यायचं, हे एकानंही विचारलं नाही. लॉर्न पुढे कित्येकदा म्हणाले की मी विचारलं होतं. डोरीनबाई आणि मी त्यांच्या मागच्याच खुर्चीवर होतो. त्यांनी विचारलं नव्हतं. ते पॅनकेकवर पाक ओतत होते.

मित्रांनो, टीमांना खेळाडूंची अदलाबदल करायची मुदत १० जानेवारीला संपते. त्या दिवशी दुपारी एक वाजता टर्नबुलांचा डोरीनबाईंना फोन आला. रेड फोर्कच्या टीमकडे हवा तसा गडी होता. त्याच्यासाठी त्यांना एकच खेळाडू हवा होता.

रेमीला सामान भरायला दोन तास मिळाले. डोरीनबाई दारात उभ्या राहून त्याचे मोजे मोजत होत्या.

"त्यांना 'नको' म्हणून सांगू का मी?" त्या म्हणाल्या. "मी जाते टर्नबुलकडे."

"झालंय, मिसेस एच. सह्या झाल्या," रेमी म्हणाला. हावरिलकचा तो एच. मग बॅगेची चेन ओढत, "पण मला राखायला माणूस आणणार होते ना? मग मीच कसा गेलो?"

आपणही हात वर केला होता, हे त्यांनी सांगितलं नाही. साडेतीनला गाडी आली. चार वाजून दहा मिनिटांनी त्यांनी कात्री घेतली.

सोमवारी टेबलावर विल्फ पडेल चेहऱ्यानं बसले होते. "आम्ही असं नव्हतं म्हटलं," ते म्हणाले. "राक्षस आणा म्हटलं होतं. पोरगं द्या म्हटलं नव्हतं."

"राक्षस काय झाडाला लागतात?" लॉर्न म्हणाले.

मंगळवारी राक्षस आला. नाव कोल्टर वीब. वय वीस, उंची सहा फूट चार इंच. टीमकडे त्याच्या मापाची एकच जर्सी मोकळी होती, ती मी. खांद्यात तंग झाले. राहायलाही त्याला डोरीनबाईंकडची रेमीचीच खोली मिळाली.

पहिले आठ दिवस डोरीनबाई त्याच्याशी 'जेवायला ये' आणि 'दार लाव' एवढंच बोलल्या. तो जेवून ताटं धुवायचा. सगळ्यांची. एकदा माझ्यावर नाव शिवताना दोरा सुईत जाईना, तेव्हा त्यानं सुई घेतली आणि ओवून परत दिली.

"कुठे शिकलास?"

"आईसोबत गोधड्या शिवायचो."

"हे टीममध्ये सांगू नकोस," त्या म्हणाल्या. एल्क बेंडच्या भाषेत हे प्रेमानं बोलणं आहे.

बर्फावर मात्र त्याचं काम ठरलेलं होतं. एक चक्कर, कुणीतरी काहीतरी बोलणार, हातमोजे खाली, मुठी वर. आठ आठवड्यांत अकरा मारामाऱ्या. लोक उभे राहून 'सतरा, सतरा' ओरडत. माझं इतकं कौतुक रेमीच्या वेळी कधी झालं नव्हतं. लहान मुलं कुंपणाशी माझ्या बाहीला हात लावायला येत. पट्ट्याचा उपयोग मला आता नीट कळला. घरी आल्यावर डोरीनबाई मला थंड पाण्यात मीठ टाकून भिजवत. रक्त त्यानं निघतं. गरम पाणी घातलं की कायमचं बसतं.

लॉर्नच्या वहीत मात्र वेगळंच दिसत होतं. रेमी गेल्यापासून टीमनं अठरा सामने खेळले आणि अकरा हरली.

"पण आता कुणी आपल्याला ढकलत नाही," विल्फ म्हणाले.

"गरजच काय? आपले आपणच पडतोय."

७ मार्चला घरच्या मैदानावर पुन्हा स्टोनी लेक. पाच नंबर तोच होता. साखळीतला शेवटचा सामना, आणि दोन्ही टीमनी बाद फेरी गाठलेली. जिंकण्या-हरण्यानं काही फरक पडणार नव्हता. तरी रिंक भरलं होतं. लोक कशाला आले होते ते कोल्टरलाही माहीत होतं आणि पाच नंबरलाही. रेमीला कोल्टर कधी भेटलेला नव्हता.

दुसऱ्या डावात सात मिनिटं चौतीस सेकंदांवर दोघांनी हातमोजे टाकले. कोल्टरचे तीन ठोसे बसले, पाच नंबरचा एक. मग दोघे घसरले, कोल्टर खाली आणि तो वर. कोल्टरचं शिरस्त्राण आधीच निघालं होतं. डोकं बर्फावर आपटल्याचा आवाज मी ऐकला. लोकांनी ऐकला नाही, कारण ते ओरडत होते. विल्फ खुर्चीवर चढून उभे होते.

बाकावर टीमच्या प्रशिक्षकानं त्याला तीन प्रश्न विचारले. वार कोणता, समोर कोण, गुण किती. कोल्टरनं त्यांची उत्तरं पाठ केलेली होती. गुण त्यानं फलकावर वाचून सांगितले.

रविवारी सकाळी न्याहारीला त्यानं डोरीनबाईंना विचारलं, "मिसेस एच, आपण कालचा सामना कधी खेळणार?"

मी खुर्चीच्या पाठीवर वाळत होते. त्यांनी खिडकीचे पडदे ओढले, कारण त्याला उजेड सहन होत नव्हता.

"डेलला सांगते मी," त्या म्हणाल्या.

"नका ना. शुक्रवारी बाद फेरी आहे. मी बसलो तर संपलोच. पुढल्या वर्षी मला वयाची मर्यादा. कोण घेणार मला? माझ्याकडे रेमीसारखे हात नाहीत. हे एवढंच आहे."

"हे एवढं म्हणजे तुझं डोकं आहे, कोल्टर."

"तुम्ही लोकांनीच मागवलंत ना मला?"

तो उद्धटपणे बोलला नाही. त्याला खरंच तसं वाटत होतं, आणि ते खरं होतं.

सोमवारी त्या टर्नबुलांकडे गेल्या. पिशवीत मी होते. टर्नबुल म्हणाले, "प्रशिक्षकानं तपासलंय, डोरीन. पोरगा म्हणतो ठीक आहे. तू डॉक्टर आहेस का?" गावातला डॉक्टर रजेवर होता. पुढची वेळ १६ तारखेची मिळाली. सामना तेरा तारखेला, पुन्हा स्टोनी लेकशीच.

तिथून त्या कॉफीच्या टेबलाशी आल्या. त्या कधी उभ्यानं बोलत नाहीत. त्या दिवशी बोलल्या.

"त्या पोराला शनिवारचा सामना आठवत नाही. तुम्ही दोघं आज डेलकडे जा आणि सांगा त्याला खेळवू नको म्हणून. तुमचं ऐकेल तो. मी हात वर केला होता, तुम्हीही केला होता."

विल्फ म्हणाले, "अगं, आमच्या वेळी तर टाके घालून परत पाठवायचे."

"ते माहीत आहे मला. तुझा भाऊ तसाच खेळायचा, आणि आता स्वतःच्या घरचा रस्ता विचारतो, विल्फ."

विल्फनी कॉफीचा पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला. लॉर्न वही मिटून म्हणाले, "त्याच्याशिवाय स्टोनी लेक आपल्या छोट्या पोरांना चिरडतील. हेही बघायला हवं, डोरीन." आयुष्यभर कसबाची बाजू घेणारा माणूस हे बोलला.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी जुन्या वस्तूनं सांगायचं असतं की आम्हाला जपा, टाकून देऊ नका. मला ते मागायचं नाही. माझी काळजी या गावानं चोख घेतली. फाटले तिथे सांधलं, डाग पडला तिथे धुतलं, नऊ वर्षांत एक टाका सैल राहू दिला नाही. कशासाठी हात वर करायला सांगितलं, तर आधी विचारा की त्याची भरपाई कोण करणार. आणि माझ्यासारखीकडे बघून ओरडाल, तेव्हा आत कोण आहे त्याचं नाव एकदा वाचा. ते पाठीवर शिवलेलं असतं.

आज शुक्रवार, १३ मार्च. दुपारी बारा वाजता खेळाडूंची यादी रिंकच्या दाराला लागली. सतरा नंबरसमोर वीब आहे. डोरीनबाईंनी मला टीमच्या खोलीत परत दिलेलं नाही. मी त्यांच्या गाडीत, मागच्या सीटवर, पिशवीत आहे. साडेचारला टर्नबुल काच ठोठावून गेले. विनाक्रमांकाची जादा जर्सी आहे, ती चालेल, असं ते म्हणाले. पाच वाजता विल्फ एकटे आले, गाडीशेजारी उभे राहिले आणि रिंककडे गेले. कुणाला भेटायला, ते मला इथून दिसत नाही.

सामना सातला आहे. सहा वाजून पाच मिनिटांनी कोल्टर बॅग घेऊन खेळाडूंच्या दारातून आत गेला. डोरीनबाई मला सीटवरच ठेवून गाडीतून उतरल्या आणि त्याच्या मागे गेल्या. दारावरची यादी इथून दिसते, ती अजून बदललेली नाही.