गुलाबी झालेलं पाणी

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. महाराजांनी माझे हात काचेच्या भांड्यात बुडवले आणि नितळ पाणी बघता बघता गुलाबी झालं. बायकांच्या तोंडून एकच "अगं बाई!" निघालं.

"बारा वर्षांपूर्वी बंद झालेलं पुन्हा सुरू झालंय. खरं ना, माई?"

मी हात झटकन बाहेर काढले. ही गोष्ट मी फक्त धाकट्या जावेला सांगितली होती. धुलाईच्या कारखान्यात आम्ही दोघी एकाच हौदावर कामाला.

"घाबरू नकोस! तारुण्य परततंय. डॉक्टरकडे गेलीस की कृपा आटली."

"ताई, नशीब काढलंस गं!" जाऊ म्हणाली.

चार महिने मंतरलेलं पाणी प्याले. रक्त थांबेना, अंगात कसकस, लुगडं कमरेवर ठरेना. एक दिवस हौदाशीच भोवळ आली. मुकादमबाईनं उचलून दवाखान्यात नेलं.

"पाळी जाऊन बारा वर्षं, आणि रक्त?" डॉक्टरीणबाई ओरडल्या. "चार महिने काय करत होतात?"

"तरुण होत होते," मी म्हणाले. त्या हसल्या नाहीत.

गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासणीला गेला. कर्करोगाची भीती होती. निघाला क्षय.

"क्षय छातीत होतो ना?"

"गर्भाशयातही होतो. या वयात क्वचित. गोळ्या न चुकता घ्या, बरा होतो."

निकाल ऐकायला त्या दिवशी कामावरून तशीच, हात न धुता गेले होते. पाण्याचा चमत्कार सांगितला, तर बाईंनी प्रयोगशाळेतून बाटली मागवली. ग्लासभर पाण्यात चार थेंब टाकले. त्यांनी बोट बुडवलं, काही नाही. मी बुडवलं, गुलाबी!

"तुमच्या हाताला धुण्याचा सोडा आहे. तो लागला की या औषधाला रंग चढतो."

तेव्हा आठवलं. महाराजांकडे निघालो त्या दिवशी हौदावरून उठताना जाऊ म्हणाली होती, "हात नको धुऊस, उशीर होतोय."

घरी येऊन विचारलं, "तू सांगितलंस महाराजांना?"

ती भाजी निवडत राहिली. "ते सगळ्यांचंच विचारून ठेवतात, ताई. मला त्यांच्या गादीजवळ बसायला मिळायचं. तुझंही भलंच होईल वाटलं."

"आणि हात?"

ती भाजीची परडी उचलून आत गेली.

बायांनो, पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर थेंबभर जरी रक्त दिसलं, तरी डॉक्टरकडे जा. क्षय क्वचितच असेल, पण काय आहे ते तपासणीच सांगते. आणि न सांगता तुमच्या पोटातलं ओळखणारा कुणी भेटला, तर त्याला ते कुणी सांगितलं, याचा शोध घ्या. नाव ऐकून काळजाला घरं पडतील. तरी घ्या.