एक्सडीचा कौल

२००४ साली मालवणात डिजिटल कॅमेरा घ्यायचा म्हणजे आधी फोटो साठवायचं मेमरी कार्ड निवडावं लागे, कारण एका जातीचं कार्ड दुसऱ्या जातीच्या कॅमेऱ्यात शिरत नसे. माझ्या सोड्याच्या दुकानाला लागूनच हरिश्चंद्राचा फोटो स्टुडिओ. त्याची बायको सुभद्रा म्हणाली, एसडीवाला घ्या. ते कार्ड बाजारात कुठेही मिळतं, कुडाळच्या लॅबवाल्याकडेही चालतं. ह्याचं मन मात्र नखाएवढ्या एक्सडी कार्डावर बसलेलं. शहाण्या बायकोचं ऐकावं, तर हा गेला देवळात कौल लावायला!

दाजी गुरवाने देवाच्या पाषाणाला उजवी-डावीकडे फुलांचे दोन कळे चिकटवले. आधी गळेल तो देवाचा शब्द. मग त्याने गाऱ्हाणं घातलं, "म्हाराजा, एसडी बरां आसात तर उजवो कळो दी, एक्सडी बरां आसात तर डावो."

डावा पडला. हरिश्चंद्र नाचतच परत आला.

पुढे व्हायचं तेच झालं. एक्सडी ना मालवणात मिळे, ना कुडाळात. कॅमेऱ्यासोबत आलेल्या एकुलत्या एक कार्डावर लग्नं निघू लागली. देवबागच्या लग्नात ते मंगलाष्टकांआधीच भरलं, तेव्हा ह्या पठ्ठ्याने नवरीच्या मामाला कार्डावरून पुसून तिच्या सासऱ्याला जागा केली. मामा अल्बम घेऊन स्टुडिओत शिरला आणि मी हळूच दुकानाची फळी ओढून घेतली. आता रेडी गावचं मोठं लग्न तोंडावर आलं होतं. तेही बिघडलं असतं तर स्टुडिओला कुलूपच लागलं असतं. मला त्याची कीव येत होती आणि रागही.

"कॅमेरो बदल रे, मेल्या!" मी म्हटलं.

"देवाचो कौल मोडू?" तो म्हणाला.

शेवटी सुभद्राच त्याच्या मनगटाला धरून देवळात निघाली. मी मजा बघायला मागोमाग.

दाजीने नवे कळे लावले. "काय इचारू गो? परत कार्डाचांच?"

"कार्डाचां नको," ती म्हणाली. "देवाक एसडी काय आणि एक्सडी काय! इतक्याच इचार, बाजारातल्या वस्तूंसाठी ह्येंनी परत परत देवाक त्रास देवचो, काय माझां ऐकूचां? माझां ऐकूचां आसात तर उजवो."

दाजीने ते सगळं देवाला सांगितलं आणि त्याचा शेवटचा शब्द पुरा होतोय न होतोय तोच उजवा कळा टपकन खाली आला.

हरिश्चंद्राने डोळे मिटून हात जोडले. दाजीने त्याचा खांदा धरून त्याला देवाकडे वळवला. इतका वेळ तो सुभद्रेकडे तोंड करून उभा होता.