मानाच्या फडक्याखाली

मित्रांनो, दोराला भीती वाटते हे तुम्हाला ठाऊक होतं का? मी रस्सीखेचीचा दोर आहे, चांगला जुना आणि मनगटाएवढा जाड. घोडबंदर गावात, खाडीपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या एका लहानशा मराठी हायस्कुलात राहतो. मला पाहून कुणीही म्हणेल, याला कसली आलीय भीती! पण माझी सगळी कहाणी भीतीचीच आहे, म्हणून ती आधीच सांगून टाकतो.

माझा जन्म घायपाताच्या पानांतून झाला. पानं झोडपून तंतू काढले, ते उन्हात वाळवले, मग त्यांचे तीन पेड करून ते एकमेकांत पिळले. पिळताना जीव नकोसा झाला, पण दोराचं बळ त्या पिळातच असतं. माझे भाऊबंद होड्यांवर गेले. मला मात्र एका होडीमालकाने शाळेला भेट म्हणून देऊन टाकलं. सुरुवातीला मी फार रुसलो होतो. लाटांशी झुंजायचं सोडून शाळकरी पोरांच्या हाती यायचं म्हणजे काय! पहिल्याच सामन्यात पोरींनी मला असं ताणलं की माझा रुसवा पार पळाला.

आमच्या शाळेत कपाट एकच. खालच्या खणात मी, गंजलेल्या लेझमी आणि हवा गेलेला व्हॉलीबॉल. वरच्या खणात हस्तलिखितं. हस्तलिखित म्हणजे मुलांनी स्वतःच्या हाताने लिहून, चित्रं काढून दरवर्षी तयार केलेला अंक. त्यात कविता असतात, विनोद असतात आणि खेळांचा वृत्तांत तर हमखास असतो. त्या वृत्तांतात माझं नाव नाही असं एकही वर्ष गेलं नाही. ‘आमचा अजिंक्य दोर’, ‘शाळेची शान’ असं काय काय लिहायची पोरं! वरच्या खणात कुणी मोठ्याने वाचायला लागलं की खालच्या खणात मी फुगून बसायचो.

या कौतुकातूनच एक रीत पडली. रस्सीखेचीच्या दोराला मधोमध लाल फडकं बांधतात, ते तुम्ही पाहिलं असेल. आमच्याकडे जिंकणारा संघ दरवर्षी नवं फडकं आणायचा आणि ते जुन्यावरच बांधायचा. जुनं सोडायचं नाही, सोडलं तर शाळा हरते अशी समजूत. मग नारळ फोडून त्याचं पाणी त्या फडक्यावर शिंपडायचं, टाळ्या वाजवायच्या आणि मला तसाच ओला गुंडाळून कपाटात ठेवून द्यायचं. बक्षीस समारंभाची घाई असायची ना!

वर्षानुवर्षांच्या फडक्यांनी माझं पोट चांगलंच सुटलं. लोक त्याला ‘मानाचा फुगवटा’ म्हणायचे. पाहुणे आले की त्यांना तो हात लावून दाखवायचे.

आणि त्या फुगवट्याच्या आत मी कुजत होतो.

आधी नुसती खाज सुटली. मग मुंग्या आल्या, ओल तर कधी गेलीच नाही. एके दिवशी सरावात ताण बसला आणि माझ्या पोटात ‘टच्’ असा बारीक आवाज झाला. एक तंतू तुटला होता. मी मनाला समजावलं, एकाने काय होतंय? पण पुढच्या ताणाला आणखी तुटले. बाहेरून मी होतो तसाच होतो, लाल आणि रुबाबदार. आत मात्र मला कळून चुकलं होतं की मी एक दिवस तुटणार, आणि तेही पोरींच्या हातात. ओरडावं म्हटलं तर दोराला तोंड कुठलं!

त्या वर्षी आमच्या मुलींच्या संघात शेवटची उभी राहायची अंबिका. गावातल्याच कोळ्याची पोर, पाय रोवले की हलायची नाही. शेवटचीने दोराचा वेढा कमरेला घ्यायचा असतो. तिच्या मागे दोनच पावलांवर आमच्या ध्वजस्तंभाचा दगडी चौथरा आहे, चांगला धारदार कोपऱ्याचा. मी तुटलो तर ती पाठमोरी कुठे आपटेल, हे मला रोज दिसायचं. सरावाला मला बाहेर काढलं की मी आधी त्या कोपऱ्याकडे बघायचो आणि माझा उरलासुरला पीळही सैल पडायचा.

ही अंबिका हस्तलिखिताचीही संपादक होती. अंकाचं काम बघणाऱ्या सुचेताबाईंनी तिला माझं आत्मवृत्त लिहायला सांगितलं. तिने झरझर लिहून वाचून दाखवलं, “मी शूर आहे, मी कधीच हरत नाही.” बाई हसल्या.

“अगं, हे जुन्या अंकांतलं आहे. दोर असं बोलेल का? त्याच्याजवळ बस जरा, हात लावून बघ.”

दुपारच्या सुट्टीत ती खरंच आली. तिच्यासोबत चित्रं काढणारी मिनल होती, मीरा रोडहून रिक्षाने येणारी, ओढताना अंबिकाच्या पुढेच उभी राहणारी. अंबिकाने मला मांडीवर घेतलं. इतक्या वर्षांत मला पुष्कळांनी ओढलं होतं, मांडीवर कुणीच घेतलं नव्हतं. तिने फुगवटा दाबला. बोट आत रुतलं. तिने बोटाचा वास घेतला आणि तिचा चेहरा उतरला. मनात म्हटलं, सोड पोरी, सोड ते फडकं!

ती मला उचलून थेट नीलेश सरांकडे गेली. खेळ शिकवणारे नीलेश सर याच शाळेत शिकलेले.

“सर, आत कायतरी कुजलंय. मना वास येतो. फडकी सोडून बघू?”

“काहीतरीच काय! मानाचं फडकं सोडायचं नसतं. माझ्या वेळचं फडकं पण आहे त्यात, मी स्वतः बांधलंय. इतकी वर्षं काही झालं नाही, आता काय होतंय?”

सर वाईट नव्हते हो. त्यांचा जीव होता माझ्यावर. म्हणून तर मला जास्त भीती वाटली.

सामन्याचा दिवस उजाडला. मीरा रोडच्या एका मोठ्या शाळेच्या मुली बसमधून आल्या, अंगात नवे टी-शर्ट, पायात नवे बूट. मैदान भरलं. अंबिकाने वेढा घेतला आणि चौथऱ्याकडे पाठ करून उभी राहिली. शिट्टी वाजली.

त्यानंतरचं आठवलं की अजूनही माझे तंतू ताठ होतात. दोन्हीकडून ताण बसला आणि माझ्या पोटात टच्, टच्, टच् सुरू झालं. एक पेड गेला. माझ्या अंगातून बारीक धक्का सरसरत शेवटापर्यंत गेला, थेट तिच्या कमरेपर्यंत. पंचांनी ‘पाय रेषेवर’ म्हणून शिट्टी वाजवली आणि खेळ थांबला. नसता थांबला तर काय झालं असतं, ते मी सांगणार नाही.

“पुन्हा जागेवर!” पंच म्हणाले.

अंबिकाने कमरेचा वेढा काढला आणि मला खाली ठेवलं. “न्हाय ओढणार!”

“काय करतेस यार? सगळे बघतायत!” मिनल कुजबुजली.

पलीकडून हाकाटी सुरू झाली, “डर गयी! डर गयी!”

“हा, डरली मी!” अंबिका ओरडली. तिचे डोळे भरले होते. “आतून तुटतोय तो. मना कळला हाय. सर, आता तरी सोडू द्या.”

नीलेश सर तावातावाने मैदानात आले. रीत मोडायची, तीही पाहुण्यांसमोर? पण अंबिका जागची हलली नाही. मग तिच्या मागच्या चौथऱ्याकडे त्यांची नजर गेली आणि तिथेच थांबली. ते माझ्याजवळ गुडघ्यांवर बसले आणि गाठी सोडू लागले. वरची फडकी निघाली. त्याखालची चिकट होती. त्याखालची हातातच विरली, आणि शेवटी उरला तो काळा लगदा. त्यांचं स्वतःचं फडकं कुठलं, हे त्यांनाही ओळखता आलं नाही. त्यांनी मला दोन हातांत धरून हलकेच ओढलं. फार नाही, तुम्ही रबरबँड ओढून बघता ना, तेवढंच. माझे दोन तुकडे झाले.

सर उठले, अंबिकाला हाताला धरून चौथऱ्यापासून लांब नेलं आणि मग स्वतःच त्या चौथऱ्यावर मटकन बसले.

त्या वर्षीच्या हस्तलिखितात अंबिकाने माझं आत्मवृत्त नव्याने लिहिलं. त्याचं पहिलं वाक्य होतं, ‘मला भीती वाटते.’ बाईंनी त्यात एक अक्षरही बदललं नाही.

आता मी तुटका, दोन वेटोळी होऊन कपाटाशेजारच्या खुंटीवर लटकतो. अंगाला वारा लागतो, खाज गेली. खालच्या खणात नवा दोर आलाय. तो पहिला सामना जिंकला तेव्हा त्यालाही लाल फडकं बांधलंच, रीत काही सुटत नाही. पण ते अंबिकाने बांधलं, कोरडं आणि सरकगाठीचं. एक टोक ओढलं की सुटेल असं. “दर महिन्याला सोडून बघायचा,” असं तिने लहान पोरींना बजावलं. मग दहावी झाली आणि ती शाळेतून गेली.

परवा आमचा संघ पुन्हा जिंकला. पोरींनी जुन्या फडक्यावर नवं फडकं गुंडाळलं, नारळ फोडला आणि ते सुटू नये म्हणून एकीने अगदी प्रेमाने त्या सरकगाठीवर दुसरी गाठ मारली, पक्की. मी खुंटीवरून सगळं पाहिलं. नवा दोर लाल आणि रुबाबदार दिसत होता. नंतर त्याला ओलाच आत ठेवलं.

मित्रांनो, मला हात नाहीत. तुम्हाला आहेत. पुढचा सामना लवकरच आहे आणि चौथरा तिथेच आहे. तेवढी एक गाठ सोडून बघाल का?