एक्केचाळीस दिवसांचे राष्ट्रप्रमुख

देशाचा पहिला राष्ट्रप्रमुख कोण, यावरून गेली दोन वर्षं लोक एकमेकांची डोकी फोडायच्या बेतात होते. शाळेच्या पुस्तकात पहिलं नाव सेनापतींचं आहे. पण सेनापतींच्या आधी एक्केचाळीस दिवस एक गणिताचे मास्तर त्या खुर्चीवर बसले होते. एका पहाटे सैनिक त्यांना घेऊन गेले, ते परत आलेच नाहीत. त्यांना मोजायचं की नाही, एवढाच वाद. त्यासाठी वाहिन्यांवर चार-चार विद्वान रोज घसा कोरडा करत. मला विचाराल तर मला दोघांशीही देणंघेणं नव्हतं, पण मास्तर माझ्या सासूबाईंचे वडील. त्यामुळे हा वाद आमच्या जेवणाच्या टेबलावरच मुक्कामाला आला होता.

सासूबाई ब्याऐंशीच्या. हिवाळा निघाला तर नशीब समजा, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. सरकारी दालनात तसबिरींची रांग आहे. त्या रांगेत सेनापतींच्या आधी आपल्या वडिलांची तसबीर लागावी आणि मग डोळे मिटावेत, यापलीकडे त्यांना काही नको होतं.

त्यांच्याहून जास्त घाई मामांना. मामा त्यांचे सख्खे भाऊ नव्हेत. मास्तरांना नेलं त्या दिवशी घराला सील लागलं आणि नऊ वर्षांची मुलगी आपल्या आईबरोबर रस्त्यावर आली. तेव्हा समोरच्या शिंप्याच्या बायकोने दोघींना घरात ओढून घेतलं. तिच्या नवऱ्याला लष्कराने बारा दिवसांपूर्वीच गोळ्या घातल्या होत्या आणि ती पोटुशी होती. तिला पुढे जो मुलगा झाला तेच हे मामा. एकाच ताटात जेवून दोघं मोठी झाली. टपालखात्यात जन्म गेल्यामुळे मामांना अर्ज लिहायचा भारी नाद. मास्तरांसाठी त्यांनी तीस वर्षं अर्ज केले, आणि आयोग नेमला गेल्यावर दर सुनावणीला सासूबाईंची, म्हणजे त्यांच्या ताईची, चाकाची खुर्ची तेच ढकलत नेत. मला ढकलू देत नसत.

आयोगानेही शेवटी वादाला कंटाळून एक निकष लावला. राष्ट्रप्रमुख या नात्याने मास्तरांनी सही केलेला एक तरी हुकूम दाखवा, म्हणाले. दाखवणार कुठून? त्या दिवसांचे सगळे कागद सेनापतींनी जाळायला लावले होते.

मी दफ्तरखान्यात फाटके कागद सांधते. सुनावणीच्या आदल्या सोमवारी वनखात्याचं एक जाडजूड रजिस्टर माझ्याकडे आलं. ओल लागून त्याचा पुठ्ठा फुगला होता. त्या काळी बांधणीवाल्यांना पुठ्ठा मिळत नसे, म्हणून ते रद्दी कागद खळीने एकावर एक चिकटवून पुठ्ठा करत. असे पुठ्ठे मी कोमट पाण्यात भिजवून एकेक पापुद्रा सोडवते. वरून झाडांच्या दोन याद्या निघाल्या. तिसरा कागद निघाला तेव्हा माझे हात थांबले. जाळायला दिलेला एवढा जाड कागद जाळायला एखाद्या काटकसरी बांधणीवाल्याचा जीव झाला नसावा.

धान्याच्या कोठारावर चाल करून गेलेल्या नऊ जणांना लष्करी न्यायालयाने मृत्युदंड दिला होता. खाली शाईने लिहिलं होतं, ‘शिक्षा कायम.’ त्याखाली सही, हुद्दा आणि तारीख. एकोणतिसावा दिवस. सही मास्तरांचीच होती, सासूबाईंच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर मी ती शंभरदा पाहिली होती. यादीत तिसरं नाव मामांच्या वडिलांचं, त्या शिंप्याचं होतं.

सापडलेला कागद त्याच दिवशी नोंदवायचा, असा आमचा नियम. नियम मोडला म्हणून मी दुसऱ्यांच्या तक्रारी केल्या आहेत. हा मी टीपकागदात घालून पिशवीत टाकला आणि घरी आणला.

सासूबाईंनी आधी सही पाहिली. त्यांचा चेहरा इतका उजळला की मला तिथून पळून जावंसं वाटलं. मग चष्मा सापडेना, म्हणून नावं वाच म्हणाल्या. मी वाचली. तिसऱ्या नावाला त्यांनी हात वर केला, पण मी सगळी नऊ वाचून काढली. का, ते मला आजही सांगता येत नाही.

त्या दिवसांत बाबा जेवत नव्हते एवढं आठवतं, म्हणाल्या. लष्करानेच परस्पर मारलं असं सगळे म्हणायचे. शिंप्याची बायकोही तेच म्हणायची आणि सासूबाईंच्या वेण्या घालायची.

“हा दाखवला तर बाबा पहिले ठरतील?” त्यांनी विचारलं.

“ठरतील, आई. दुसरा पुरावाच लागणार नाही.”

“आणि त्याला कळेल.”

मी म्हटलं, कळायला हवं, त्यांच्याही वडिलांचा प्रश्न आहे. मला खरंच राग आला होता. मामांना इतकी वर्षं फुकट राबवलं असं वाटत होतं.

“त्र्याहत्तर वर्षांचा आहे तो,” त्या म्हणाल्या. “आता हे घेऊन तो कुठे जाईल? होता तिथे ठेव तो कागद.”

ठेवला. नव्या खळीने चिकटवला, रजिस्टर बांधलं आणि वनखात्याच्या फडताळात परत पाठवलं. इतक्या वर्षांच्या नोकरीतलं हे माझं सर्वात सफाईदार काम.

गुरुवारी आयोगापुढे सासूबाईंनी दावा मागे घेतला. माझे वडील राष्ट्रप्रमुख नव्हते, म्हणाल्या, एका मास्तराला लोकांनी खुर्चीवर बसवलं होतं इतकंच. अध्यक्षांनी दोनदा विचारून खात्री केली. मामा मागे उभे होते. त्यांनी खुर्चीच्या मुठी सोडल्या आणि दाराबाहेर निघून गेले. त्या दिवशी खुर्ची मी ढकलत आणली.

त्यानंतर मामा आमच्याकडे फिरकले नाहीत. दर रविवारी येणारा माणूस, फोनही उचलेना. सासूबाई खिडकीशी बसून राहत. खाणं सुटलं. मामांना सांगून टाकू का, असं मी दोनदा विचारलं, तर मानेनेच नको म्हणाल्या. तीन आठवड्यांनी त्या गेल्या. वर्तमानपत्रात आतल्या पानावर दोन ओळी आल्या आणि त्यात मास्तरांना ‘तथाकथित’ म्हटलं होतं.

मामा अंत्ययात्रेला आले, लांब उभे राहिले. दहा-बारा दिवसांनी मात्र दफ्तरखान्याचे जिने चढून माझ्या टेबलासमोर येऊन बसले. धाप लागली होती, मी पाणी दिलं.

“ताई थकली होती, म्हणून कच खाल्ली तिने,” ते म्हणाले. “मी नाही सोडणार. आयोगाची मुदत महिनाभर आहे अजून. एक सही हवी, सूनबाई. तू नीट शोधलंस?”

सगळं पाहिलं, मी म्हणाले. तसा कागद नाही.

ते मान हलवत राहिले. मग इतक्या हळू बोलले की मला पुढे वाकावं लागलं.

“लोकांना वाटतं मी ताईसाठी भांडतो. मी माझ्या बापासाठी भांडतोय गं. मास्तर राष्ट्रप्रमुख ठरले, की त्यांना डावलून घातलेली गोळी खून ठरते. मास्तरांना कोणी विचारलंच नाही, म्हणून तो मेला. कागद त्यांच्यापुढे आला असता तर त्यांनी सही केली नसती. समोरचं घर होतं, रोजचं येणंजाणं. वाचवलं असतं ना त्यांनी?”

“हो मामा,” मी म्हणाले. “वाचवलंच असतं.”